फ्रिजवरचा तक्ता आणि ओट्यापाशी उभी असलेली बाई

आमच्या रोडपालीत सध्या घराघरांतून मीटिंगा होऊ लागल्या आहेत. घराघरांतून म्हणणं थोडं जास्त होईल. आमच्या इमारतीतली तीन घरं मला खात्रीने माहीत आहेत. रविवारी नाश्ता झाला की नवरा, बायको, मुलं टेबलाभोवती बसतात. गेल्या आठवड्यात काय चांगलं झालं, काय बिघडलं, पुढच्या आठवड्यात काय सुधारायचं, असे तीन प्रश्न घेतले जातात. फ्रिजवर तीन रकान्यांचा तक्ता असतो : 'करायचंय', 'चालू आहे', 'झालं'. पिवळ्या चिठ्ठ्या एका रकान्यातून दुसऱ्यात सरकत राहतात. एका घरात आठवड्याला 'स्प्रिंट' म्हणतात. दुसऱ्या घरात सात वर्षांच्या मुलीचं दर महिन्याला 'अप्रेजल' होतं.

हे सगळं आमच्याकडे उगवावं यात नवल नाही. रोडपाली ही सिडकोच्या आखणीतली वस्ती. बऱ्याच इमारती साडेबारा टक्के योजनेच्या भूखंडांवर उभ्या आहेत, आणि त्यांत राहणारी माणसं तळोज्याच्या कारखान्यांत, न्हावा-शेव्याच्या बंदरात, महापे-ऐरोलीच्या आयटी कंपन्यांत कामाला जातात. दिवसभर जी भाषा कानावर पडते तीच माणूस घरी घेऊन येतो. पूर्वी गिरणी कामगार भोंगा घेऊन यायचा, आता आपण तक्ता घेऊन येतो.

मी या प्रकाराकडे बाहेरून बघत नाही. गेली सतरा वर्षं मी तळोजा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. कानबान, कायझेन, फाइव्ह एस या शब्दांवर माझं पोट चालतं. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके : नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, स्वच्छ करा, नियम ठरवा, ठरवलेले नियम पाळा. आमच्या शॉपच्या भिंतीवर हे मराठीत रंगवलेलं आहे, आणि ते नीट पाळलं तर माणसाची बोटं वाचतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणूनच शेजारणी विचारतात, "ताई, तुम्ही तर क्वालिटीवाल्या. तुमच्या घरी कसं असतं?" आमच्या घरी यातलं काहीही नसतं, आणि कुणाच्याही घरी ते नसावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी या पद्धतीचं कुळ-मूळ बघू. ती कुठून आली हे कळलं की ती घरात काय करणार तेही कळतं.

रोडपालीला लागूनच कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार आहे. तिथे माथाडी कामगारांना ओझं उचलताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना ही गोष्ट लगेच समजेल. १८९९ साली अमेरिकेतल्या बेथलहेम स्टील कंपनीत फ्रेडरिक टेलर नावाचा इंजिनिअर हातात घड्याळ घेऊन लोखंडाचे ठोकळे वाहणाऱ्या हमालांसमोर उभा राहिला. माणूस कधी वाकतो, कधी चालतो, कधी विसावा घेतो, हे सगळं त्याने मोजलं आणि ठरवून दिलं. त्याच्याच सांगण्यानुसार, दिवसाला साडेबारा टन वाहणारा माणूस ४७ टन वाहू लागला. मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. म्हणजे काम जवळजवळ चौपट आणि मोबदला दीडपटीहून थोडा जास्त. मधला फरक कुणाच्या खिशात गेला, हे सांगायला नको. १९११ साली त्याने यावर पुस्तक लिहिलं. त्याचा गाभा असा : कामाचं ज्ञान कामगाराच्या डोक्यातून काढून ऑफिसात आणायचं, विचार साहेबाने करायचा आणि हात कामगाराने चालवायचे.

ही पद्धत घरात शिरायला दोन वर्षंही लागली नाहीत. १९१३ साली ख्रिस्टीन फ्रेडरिक या बाईंचं गृहव्यवस्थेवरचं पुस्तक आलं : ओटा किती उंच हवा, भांडी घासताना पावलं किती पडतात. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने तर स्वतःच्या घराचीच प्रयोगशाळा केली. त्यांना बारा मुलं झाली. दात घासले, अंघोळ झाली, की मुलांनी तक्त्यावर सही करायची. फ्रँक जाकिटाची बटणं खालून वर लावायचा, कारण वरून खाली लावण्यापेक्षा चार सेकंद वाचायचे. त्यांच्या मुलांनी १९४८ साली लिहिलेलं 'चीपर बाय द डझन' हे पुस्तक जगभर वाचलं गेलं, त्यावर सिनेमे निघाले. ते वाचताना हसू येतं. हसता हसता एक गोष्ट नजरेतून सुटते : त्या घरात स्वयंपाकीण होती आणि वरकामाला गडीही होता. तक्ता भिंतीवर होता आणि कुकर उतरवायला दुसरं माणूस होतं.

पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. १९२४ साली फ्रँक गेला. लिलियन डॉक्टरेट मिळवलेली, कारखान्यांचा अनुभव असलेली बाई. पण बाईला काम द्यायला कारखानदार तयार होईनात. म्हणून ती स्वयंपाकघराकडे वळली. म्हणजे स्वयंपाकघराचं 'शास्त्र' घडायला एक कारण हेही होतं, की जिला ते घडवावं लागलं तिला कारखान्याचं दार बंद होतं.

आजच्या फ्रिजवरच्या तक्त्याचं कूळ जरा वेगळं आहे. टोयोटाच्या कारखान्यातलं कानबान आणि सॉफ्टवेअरवाल्यांची २००१ साली नावारूपाला आलेली 'अजाइल' पद्धत यांचं ते मिश्रण. ब्रूस फायलर या अमेरिकन लेखकाने २०१३ साली ते कुटुंबाला लावून दाखवलं. रविवारचे ते तीन प्रश्न त्याच्यामुळेच घरोघर पोचले. पण टेलरने मांडलेला प्रश्न तोच राहतो. विचार कोण करणार, हात कोण चालवणार? घरात साहेब कोण?

मला माहीत असलेल्या तिन्ही घरांत कल्पना नवऱ्याची होती आणि चिठ्ठ्या बायको लिहिते. यात कुणाचा दुष्टपणा नाही. चिठ्ठीवर काय लिहायचं हे ठाऊकच फक्त तिला असतं. सिलिंडर आता चार दिवस जाईल. उद्या शाळेत काळा कार्डपेपर न्यायचाय. सासऱ्यांच्या बीपीच्या चारच गोळ्या उरल्यात. कामवाली परवा गावाला जाणार. घरकाम म्हणजे नुसतं करणं नसतं, त्याआधी लक्षात येणं असतं, आणि तक्त्यावर 'लक्षात येणं' असा रकाना नसतो. पूर्वी ती लक्षात ठेवायची आणि करायची. आता लक्षात ठेवायचं, लिहायचं, करायचं आणि रविवारी त्याचा हिशेब द्यायचा. दोन कामांची चार झाली, आणि याला आपण कार्यक्षमता म्हणतो.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, आणि पुरुषाची ९७. हा ९७ आकडाही फसवा आहे, कारण तो फक्त घरकाम करणाऱ्या पुरुषांचा. त्या दिवशी असं कुठलंही काम केलेले पुरुष शंभरात २६ होते, बायका ८१. हे आकडे समोर असताना घराला जडलेला रोग 'अव्यवस्था' आहे असं निदान करणं म्हणजे पाय मोडलेल्या माणसाला चष्मा देणं. घरातला प्रश्न वाटणीचा आहे. कामाचा वेग वाढवून वाटणी बदलत नाही. ज्याच्या वाट्याला जे आहे तेच त्याने जास्त भराभर करावं, एवढंच होतं.

यंत्रांच्या बाबतीत हे एकदा होऊन गेलंय. रुथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी १९८३ साली अमेरिकन घरांच्या यंत्रांचा इतिहास लिहिला. यंत्रांनी पुरुषांची आणि मुलांची घरातली कामं संपवली आणि आईची मात्र वाढवली, असं त्यांनी दाखवलं. धुण्याचं यंत्र आलं आणि कपडे रोज धुवायचे झाले. आपल्याकडेही वेगळं काय झालं? पाटा-वरवंटा गेला, मिक्सर आला, आणि पोळी-भाजीच्या एका डब्याचे तीन झाले : लहान सुट्टीचा, मोठ्या सुट्टीचा आणि नवऱ्याचा 'लो कार्ब'. वाचलेला वेळ तिच्या हातात कधी पडलाच नाही.

मुंबईच्या डबेवाल्यांचं उदाहरण अशा प्रत्येक भाषणात येतं. १८९०च्या सुमारास सुरू झालेली, मावळातल्या माणसांनी उभी केलेली ती व्यवस्था कौतुकाचीच आहे. परदेशी नियतकालिकांनी तिच्यावर लिहिलं, हार्वर्डने अभ्यास केला, २००३ साली इंग्लंडचा युवराज येऊन भेटून गेला. डब्याचा प्रवास कुठे सुरू होतो? या अभ्यासांत तो घराच्या दारात सुरू होतो. दाराच्या आत, डबेवाला येण्याआधी, रोज ठरल्या मिनिटाला जी बाई भाजी-पोळीचा डबा भरून तयार ठेवते, तिच्या अचूकतेला कुठल्या सिग्माचं बिरुद मिळालं? सगळी साखळी जिच्यावर उभी आहे तिला साखळीत धरलेलंच नाही.

आता मी माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, जी हे घरगुती सल्लागार सांगत नाहीत. टोयोटाच्या पद्धतीत लाइनवरच्या प्रत्येक माणसाच्या हाताशी एक दोरी असते. काही चुकतंय असं वाटलं की साध्यातल्या साध्या कामगाराने ती ओढायची. दिवा लागतो, सुपरवायझर धावत येतो, आणि गोष्ट सुटली नाही तर अख्खी लाइन थांबते. थांबवल्याबद्दल कुणी ओरडत नाही. त्या पद्धतीची सगळी अब्रू या दोरीत आहे.

घरात ती दोरी कुठे आहे? सकाळी पावणेसात वाजता, अंगात ताप असताना, ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईने कुठली दोरी ओढायची? ओढली तर कोण धावत येतं? बहुतेक घरांत उत्तर असं, की लाइन थांबत नाही. क्रोसिन घेऊन ती चालू राहते. कारखान्यातून घरी येताना तक्ता आला. दोरी, पगारपत्रक, ओव्हरटाइम, रजा आणि युनियन गेटवरच राहिले.

त्यातून मीटिंगला वार निवडलाय रविवार! हा रविवार आपल्याला फुकट मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, वर्षानुवर्षं अर्ज केले, सभा घेतल्या, तेव्हा १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. खंडोबाचा वार, घरच्यांचा वार, आपल्या माणसांसाठी काही करायचा वार. त्या रविवारीही गिरणी कामगाराच्या बायकोला सुट्टी नव्हतीच. उलट मटणाचा रस्सा वाढला. लोखंड्यांनी मिळवलेली सुट्टी तिच्यापर्यंत पोचवण्याचं काम १३० वर्षं रखडलंय. ते करायचं सोडून आपण त्या दिवशी स्प्रिंटचं नियोजन करतो.

कारखान्यात आम्ही 'मुदा' शोधतो. मुदा म्हणजे वाया जाणं : वाट बघण्यात, उगीच चालण्यात, गरजेपेक्षा जास्त करण्यात. माझी नजर त्यात तयार झालेली आहे. संध्याकाळी माझ्या सासूबाई आणि माझा मुलगा मेथी निवडायला बसतात. माझ्या हिशेबाने ते बारा मिनिटांचं काम. त्यांना तास लागतो. सासूबाईंचं वय ७८, बोटं संथ. त्या खेडच्या बाजूच्या. पावसाळ्यात ओढा भरला की पलीकडच्या शाळेतल्या मुलांना घरी कसं आणायचे, हे त्या तिसऱ्यांदा सांगत असतात, आणि मुलगा मागच्या दोन वेळी न विचारलेला प्रश्न विचारत असतो. लेखापरीक्षकाच्या कागदावर यातली ४८ मिनिटं मुदा आहेत. तोच कागद पुढे वाचला तर सासूबाईही मुदा आहेत. लहान मूल तर नक्कीच. सर्वांत संथ माणूस म्हणजे अडथळा, असं मानणारी पद्धत म्हातारी माणसं आणि मुलं जिथे राहतात तिथे आणू नये, एवढं साधं कळायला हवं.

त्या अप्रेजलवाल्या मुलीचं सांगते. ती एकदा आमच्याकडे खेळायला आली. 'भावाशी वागणूक' या सदरात तिला पाचापैकी तीन मिळाले होते. तिने माझ्या मुलाला विचारलं, "तुला किती?" त्याला प्रश्नच समजला नाही. तो म्हणाला, "मला भाऊच नाही." ती म्हणाली, "मग तुझं बरंय."

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही ऐकण्यासारखे आहेत. पहिला : मग काय घर अस्ताव्यस्त ठेवायचं? अजिबात नाही. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या आहेत, किल्ल्यांना खिळा आहे, वीजबिलाची तारीख फोनमध्ये आहे. वस्तूंना फाइव्ह एस खुशाल लावा. वस्तूंना अपमान वाटत नाही आणि त्यांना कंटाळाही येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. तो माझ्या मजल्यावरच्या एका मैत्रिणीने घेतला. ती म्हणाली, "तुझं सगळं खरं. पण तक्ता यायच्या आधी यांना घरात गहू कुठे असतात तेही माहीत नव्हतं. आता निदान एक चिठ्ठी उचलतात." हे मी हसण्यावारी नेणार नाही. काम दिसू लागणं ही मोठी गोष्ट आहे. म्हणून मी तिला एक कसोटी सांगितली : दोन आठवडे तू चिठ्ठ्या लिहू नकोस. तक्ता भरलेला राहिला तर तो खरा. कोरा पडला तर ती तुझ्याच डोक्यातल्या यादीची शोभेची प्रत आहे, आणि नवरा मदतनीस आहे, भागीदार नाही.

आणि मोजण्याला माझी ना नाही. ते कशासाठी, एवढंच विचारावं. २००१ साली लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाची किंमत महिना ३,००० रुपये धरली, तेव्हा निदान किंमत आहे हे मान्य झालं. जानेवारी २०२१मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात न्यायालयाने तीच २९९ मिनिटं उद्धृत करून गृहिणीच्या श्रमाचा मान राखायला सांगितलं. त्याच्याही आधी महाराष्ट्रात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, आणि बायकोच्या कष्टाचं देणं म्हणून शेतकऱ्यांनी तिच्या नावावर जमीन करून दिली. हेही मोजणंच होतं. फरक असा, की त्या मोजण्यातून बाईच्या हातात काही आलं. फ्रिजवरच्या मोजण्यातून तिच्या हातात पुढची चिठ्ठी येते.

शेवटचा मुद्दा माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचा. घरातली धावपळ मुळात घरात तयार झालेलीच नाही. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या सोसायटीने कुटुंबाच्या उत्पादकतेवर बोलायला एक मार्गदर्शक बाई बोलावल्या होत्या. छान बोलल्या. शेवटी एकीने विचारलं, "आमच्याकडे पाणी पहाटे येतं, मिस्टरांची बस साडेसहाला आणि माझी सातला. मग हे पंधरा मिनिटं ध्यान आणि पंधरा मिनिटं नियोजन कधी करायचं?" बाई म्हणाल्या, "उठायची वेळ अर्धा तास अलीकडे घ्या." सभागृहात कुणी काही बोललं नाही. तिळगूळ वाटले आणि आम्ही घरी आलो.

पाण्याची वेळ तिने ठरवलेली नाही. बसची वेळ, शिफ्टचे तास, ट्रकांनी भरलेला रस्ता तिने ठरवलेला नाही. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम राहतील, जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, असं सांगितलं गेलं. नोकरी टिकवायची असलेल्या माणसाची संमती काय असते, हे तळोज्याच्या कुठल्याही गेटवर उभं राहून विचारावं. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं, अशी दुरुस्ती प्रसूती लाभ कायद्यात २०१७मध्येच झाली. माझ्या ओळखीतल्या किती बायकांची मुलं कंपनीच्या पाळणाघरात वाढली, हे मोजायला एका हाताची बोटं पुरतात. वेळ घराबाहेर काढून घ्यायचा आणि वेळेचं व्यवस्थापन घरात शिकवायचं, हा व्यवहार आपण इतक्या गोडीने कसा स्वीकारला?

म्हणून माझं म्हणणं असं. कामाच्या चिठ्ठ्या वाटू नका, अख्खी खाती वाटा. औषधं ज्याच्याकडे, त्याच्याकडे ती संपत आल्याचं लक्षात येण्यापासून आणण्यापर्यंत सगळं. आमच्याकडे औषधं आणि शाळा नवऱ्याकडे आहेत. त्यातलं मला काही विचारलं जात नाही आणि मीही विचारत नाही. मुलांना गुण देऊ नका. म्हाताऱ्यांना घाई करू नका. आणि मीटिंगची हौस असेल तर ती जरूर घ्या : सोसायटीत पाण्याच्या वेळेवर, कंपनीत पाळणाघरावर, युनियनमध्ये बारा तासांच्या शिफ्टवर. तिथे तक्ता लावा, तिथे जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख लिहा, आणि 'झालं' या रकान्यात चिठ्ठी सरकेपर्यंत उठू नका. मराठीत रंगवलेला मोठा बोर्ड लागला तर मी आणून देईन.